‘नस दबलीय’ म्हणजे नक्की कुठली नस?

"मॅडम, दुखतोय खांदा, मुंग्या येतात करंगळीला, आणि एक्सरे मानेचा?"

एका स्विमर मुलीच्या आईने मला हे विचारलं आणि खरं सांगते, प्रश्न अगदी रास्त होता. 7 महिने त्या दोघी फिरत होत्या. आधी खांद्याचा एमआरआय, तो जवळजवळ नॉर्मल. मग कोणीतरी म्हणालं सर्व्हायकल आहे, म्हणून गळ्याला पट्टा, मग शेक, मग कोणीतरी म्हणालं दहावीचं वर्ष आहे ना, टेन्शन असेल. मुलगी 15 वर्षांची, फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय करणारी, आणि तिची तक्रार पहिल्या दिवसापासून एकच होती, की 400 मीटर झाले की उजवा हात माझा राहतच नाही, पाण्यात नुसता पडतो.

मी दादरला फिजिओथेरपी करते, शिवाजी पार्क चालत 10 मिनिटांवर, त्यामुळे माझ्याकडे येतात ती बहुतेक खेळणारीच पोरं. बोलिंग करणारी, पोहणारी, मल्लखांबवाली, व्हॉलीबॉलवाली, आणि श्रावण लागला की गोविंदा पथकातली. या मुलीला जे झालं होतं त्याचं नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, थोडक्यात टीओएस. नाव जड आहे पण गोष्ट समजायला सोपी आहे आणि ती खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना आणि कोचना समजायलाच हवी असं मला मनापासून वाटतं, कारण यातल्या एका प्रकारात उशीर झाला तर नुसते महिने वाया जातात, दुसऱ्यात जिवावर बेतू शकतं, आणि आपण दोन्हीला एकच वाक्य म्हणतो, नस दबलीय.

घोळ इथेच सुरू होतो. आपल्या बोलण्यात नस हा एकच शब्द आहे आणि त्यात सगळं येतं. नस चढली, नस आखडली, नस ब्लॉक झाली. सलाइन लावताना सिस्टरला सापडत नाही ती नस वेगळी, सायटिकामध्ये दबते ती वेगळी, आणि नाडी बघताना बोटाला ठोके लागतात ती तिसरीच. पहिली शीर, म्हणजे हातातलं वापरलेलं रक्त हृदयाकडे परत नेणारी. दुसरी नर्व्ह, म्हणजे मेंदूचा निरोप हाताला आणि हाताचा निरोप मेंदूला पोचवणारी. तिसरी धमनी, हृदयाकडून हाताला ताजं रक्त आणणारी. टीओएसमध्ये या तिघींपैकी कोणीही दबू शकते, आणि कोण दबलीय त्यावर सगळं ठरतं, किती घाई करायची, कोणाकडे जायचं, ऑपरेशन लागणार की व्यायामाने भागणार.

बिल्डिंगमधली डक्ट डोळ्यासमोर आणा. आपल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये बाथरूममागे एक अरुंद डक्ट असते, त्यातूनच पाण्याची लाइन वर येते, त्यातूनच ड्रेनेज खाली जातं आणि कोणीतरी वायरीपण त्यातूनच ओढलेल्या असतात. आता त्या डक्टमध्ये भिंत फुगली किंवा कोणी मध्येच एक कॉलम उभा केला तर? वायर दाबली गेली तर दिवे लुकलुकतील. ड्रेनेज तुंबलं तर पाणी घरात साठेल. पाण्याची लाइन दबली तर नळ कोरडा. हातात हुबेहूब तेच होतं. नर्व्ह दबली की मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा. शीर दबली की हात सुजतो, निळसर होतो, जड होतो. धमनी दबली की हात गार आणि पांढराफटक.

ही डक्ट आहे कुठे, तर एक करून बघा. उजव्या हाताचं बोट डाव्या बाजूच्या कॉलरबोनच्या, म्हणजे हासळीच्या हाडाच्या, वरच्या खळग्यात ठेवा आणि जोरात श्वास घ्या. आतून काहीतरी वर उचलल्यासारखं होतं ना, त्या भागात मानेच्या बाजूने खाली येणारे स्केलीन नावाचे स्नायू आहेत आणि ते खाली पहिल्या बरगडीला चिकटलेले आहेत. हाताकडे जाणारी वाट तीन ठिकाणी अरुंद होते. पहिली जागा म्हणजे पुढचा आणि मधला असे दोन स्केलीन स्नायू आणि खाली बरगडी यांच्यातली तिकोनी फट, इथून नर्व्हचा जुडगा आणि धमनी जाते. दुसरी जागा कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या मधली, इथे शीरपण येऊन मिळते, आणि शीर जास्त करून इथेच चिमटते कारण ती पहिल्या तिकोनातून जातच नाही, पुढच्या स्केलीनच्या पुढून जाते. तिसरी जागा थोडी खाली, छातीच्या एका छोट्या स्नायूखाली, पेक्टोरॅलिस मायनर त्याचं नाव, जिम करणाऱ्या पोरांना माहीत असेल.

आता त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. काही माणसांना मानेच्या सातव्या मणक्यापासून एक जास्तीची छोटी बरगडी फुटलेली असते, सर्व्हायकल रिब म्हणतात. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहून कमी जणांना असते, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, कळतही नाही. पण ज्याला त्रास आहे त्याच्या बाबतीत ही बरगडी म्हणजे डक्टमध्ये कोणीतरी मध्येच उभा केलेला कॉलम, आणि ती दिसते मानेच्या साध्या एक्सरेत. खांद्याच्या एमआरआयमध्ये तिला कोणी शोधतच नाही. म्हणून मानेचा एक्सरे. (या मुलीला सर्व्हायकल रिब नव्हती, पण बघणं गरजेचं होतं.)

मग खेळाडूंनाच हे जास्त का? कारण हात डोक्याच्या वर नेला की या फटी लहान होतात, सगळ्यांच्याच होतात, तुमच्या माझ्यापण. लोकलमध्ये वरची कडी धरून ठाण्यापासून दादरपर्यंत उभं राहिलं की हात बधिर झालेला आपल्यापैकी कित्येकांनी अनुभवलाय, हात खाली केला की झालं, 2 मिनिटांत सगळं जागेवर. पण पोहणाऱ्या मुलांचा हिशेब करा. 25 मीटरच्या एका लॅपला साधारण 16 ते 20 हात, एका प्रॅक्टिसला 4 किलोमीटर म्हणजे 160 लॅप, म्हणजे अडीच ते तीन हजार हात, प्रत्येक खांद्याच्या वाट्याला त्यातले निम्मे, आणि हे आठवड्यातून सहा दिवस. त्यात वर श्वासाची गंमत अशी की स्केलीन हे मानेचे स्नायू असले तरी ते श्वासाला मदत करणारे स्नायू आहेत, दम लागला की ते पहिली बरगडी वर खेचतात, म्हणजे हात वर जाऊन फट लहान झालेली असतानाच खालून बरगडीपण वर येते. वर्षानुवर्षं असं करून हे स्नायू जाड होतात, छातीचा स्नायू आखूड होतो, खांदे पुढे झुकतात. फास्ट बोलर, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलचे स्मॅशर, भाला फेकणारे, वॉटर पोलोवाले, दोरीच्या मल्लखांबावर लटकणारी मुलं, जिममध्ये खांद्याचे जड व्यायाम करणारे, सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच कथा. कधी कॉलरबोनचं जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलेलं असतं, कधी मानेला झटका बसलेला असतो. आणि एक गोष्ट मला रोज प्लॅटफॉर्मवर दिसते आणि जीव तुटतो, ती म्हणजे 12-13 वर्षांच्या पोराच्या एकाच खांद्यावर अडकवलेली भली मोठी क्रिकेट किटबॅग. तो पट्टा कॉलरबोनला सरळ खाली दाबत असतो. ज्याला मुळात त्रास आहे त्याला तर ते फारच वाईट.

आता पहिला प्रकार, नर्व्हचा. टीओएसच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त केसेस याच असतात. मुंग्या बहुतेक करून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला, हाताच्या आतल्या बाजूने कोपरापर्यंत, सोबत मान आणि खांद्याच्या मधला भाग दुखणं, कधी डोक्याच्या मागे दुखणं. हात वर केला की वाढतं, खाली आणला की कमी होतं. कपडे दोरीवर वाळत घालताना हात गळून येतो, केस बांधता येत नाहीत, पकड ढिली होते. खूप दिवस दुर्लक्ष झालं तर अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो बसायला लागतो, हे दिसलं तर मात्र व्यायाम करून बघू म्हणत थांबायचं नाही, सरळ तज्ज्ञ डॉक्टर.

याचं निदान करणं खरंच कठीण आहे आणि त्याबद्दल डॉक्टरांवर चिडण्यात अर्थ नाही, कारण एक टेस्ट केली आणि कळलं असं इथे नाहीच. करंगळीच्या मुंग्या कोपरापाशी नर्व्ह दबली तरी येतात, मानेतली गादी सरकली तरी येतात, म्हणून आधी ती कारणं बाजूला करावी लागतात. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या असतील तर मनगटाचा कार्पल टनेल, म्हणजे नर्व्ह जाते ती तिथली अरुंद वाट, आधी बघायचा. नर्व्हची जी करंटवाली टेस्ट असते, नर्व्ह कंडक्शन, ती बऱ्याचदा नॉर्मल येते. एक जुनी टेस्ट आहे ज्यात मान वळवून खोल श्वास घ्यायला लावून मनगटाची नाडी बघतात, नाडी गेली की टीओएस असं समजतात, पण नाडी तर धडधाकट माणसांचीपण जाते, त्यामुळे नुसत्या त्यावर मी काही ठरवत नाही. त्यापेक्षा हात ‘हँड्स अप’सारखे वर, कोपर काटकोनात, आणि 3 मिनिटं मुठी उघड-मीट करायच्या, ही जास्त बोलकी. त्या मुलीचा उजवा हात 50 सेकंदांतच खाली आला, डावा 3 मिनिटं आरामात. तीपण एकटी पुरेशी नाही, पण बाकीच्या गोष्टींशी जुळली.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून पोरं खोटं बोलतात असं कृपा करून समजू नका. मार्केल फुल्ट्झ हा अमेरिकन बास्केटबॉलपटू 2017 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरने निवडला गेला, आणि लगेचच त्याचा बॉल बास्केटकडे टाकायचा हातच बिघडला. अख्ख्या जगाने व्हिडिओ बघितले, हसले, बिचाऱ्याच्या डोक्यातच काहीतरी आहे म्हणाले. डिसेंबर 2018 मध्ये निदान झालं, नर्व्हचा टीओएस. त्याने ऑपरेशन केलं नाही, फिजिओथेरपी केली, आणि पुढच्या सीझनला दुसऱ्या टीमकडून नियमित खेळायला लागला. दीड वर्ष त्या 20 वर्षांच्या मुलाने लोकांचं बोलणं ऐकून घेतलं. दहावीचं टेन्शन असेल हे ऐकणारी माझी पेशंट मला तेव्हा फार आठवली.

दुसरा प्रकार शिरेचा, आणि याबद्दल मी जास्त लिहिणार आहे कारण इथे लोकांच्या चुका भयंकर असतात. मागे एका दहीहंडीच्या आधी माझ्याकडे 19 वर्षांचा एक मुलगा आला. पथकात खालच्या थरात उभा राहायचा, शिवाय जिम, शिवाय रोज रात्री सराव. एका रात्री सरावानंतर उजवा हात जड वाटायला लागला, सकाळी अंगठी निघेना. घरच्यांनी समजलं की नस चढली. तेल लावून चोळलं, गरम पिशवीने शेकलं, दुसऱ्या दिवशी कोणाकडे तरी जाऊन नस बसवून आणली, म्हणजे त्या माणसाने अंगठ्याने काखेपासून बोटांपर्यंत दाबत आणलं. चौथ्या दिवशी तो माझ्याकडे, मसाज करा मॅडम म्हणून. शर्ट काढायला सांगितला तर उजवा दंड डाव्यापेक्षा डोळ्यांना दिसेल इतका जाड, रंग जांभळट, आणि खांद्यावर आणि छातीच्या वरच्या भागावर निळ्या शिरांचं जाळं उठून आलेलं, जे डाव्या बाजूला अजिबात नव्हतं. मी हात लावला नाही. रिक्षात बसवून सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला पाठवलं आणि सोबत चिठ्ठीत लिहून दिलं की हाताचं डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, आत्ताच्या आत्ता करा.

कॉलरबोनखालच्या शिरेत गुठळी होती. शीर वर्षानुवर्षं दोन हाडांच्या मध्ये चिमटत राहिली की तिची आतली भिंत जाड होते, खरवडते, आणि एक दिवस जोराचं काम झाल्यावर तिथे रक्त गोठतं. याला पॅजेट-श्रॉटर सिंड्रोम म्हणतात, लंडनच्या जेम्स पॅजेटनी 1875 मध्ये आणि व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फॉन श्रॉटरनी 1884 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणजे दीडशे वर्षांची माहिती आहे ही आणि तरी आपण अजून हात चोळतोय. गुठळीवर चोळणं म्हणजे ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका ओढवून घेणं. श्वास अचानक लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, हे झालं तर जीव जाऊ शकतो. धडधाकट तरुण मुलाचा एक हात अचानक सुजला, निळसर झाला, तर तेल नाही, शेक नाही, मसाज नाही, नस बसवणं नाही, उद्या बघू नाही. त्याच दिवशी डॉपलर.

त्याच्यावर काय उपचार होतात तेपण सांगते, कारण इथे अजून एक खड्डा आहे. पहिलं म्हणजे रक्त पातळ करायचं औषध लगेच चालू. गुठळी ताजी असेल, साधारण पहिल्या दोन आठवड्यांतली, तर हाताच्या शिरेतून बारीक नळी आत नेऊन थेट गुठळीवर ती विरघळवायचं औषध सोडतात. जितका उशीर तितकी ती घट्ट होत जाते आणि मग विरघळत नाही. म्हणून त्या मुलाचे ते चार दिवस मला आजही टोचतात. सूज उतरली, हात बरा दिसायला लागला की घरच्यांना वाटतं संपलं, गोळ्या चालू आहेत, जाऊ दे परत सरावाला. पण गुठळी गेली तरी शीर चिमटणारी हाडं तिथेच आहेत ना. म्हणून तरुण खेळाडूंमध्ये बहुतेक वेळा नंतर ऑपरेशन करून पहिली बरगडी काढतात, म्हणजे शिरेला मोकळी जागा मिळते, आणि मग शीर आतून अजून अरुंद असेल तर ती फुग्याने रुंद करतात. बरगडी न काढता तिथे नुसता स्टेंट बसवणं टाळतात, कारण हृदयातला स्टेंट शांत जागी असतो, इथे तो दोन हाडांच्या कात्रीत सापडतो आणि चेपतो, मोडतो. ड्रेनेजचा पाइप नवा टाकला पण वरचा कॉलम काढलाच नाही तर काय होणार?

ब्रँडन इंग्रम या बास्केटबॉलपटूला मार्च 2019 मध्ये उजव्या हातात अशीच गुठळी झाली, त्याच महिन्यात ऑपरेशन झालं, आणि पुढच्याच सीझनला तो ऑलस्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक बेस्ट खेळाडूंपैकी एक, झाला आणि सगळ्यात जास्त प्रगती केलेल्या खेळाडूचा अवॉर्डपण त्यालाच मिळाला. वेळेत पकडलं तर शिरेच्या प्रकारात खेळात परत येण्याची शक्यता चांगली असते. आमचा गोविंदापण बरा आहे, बरगडी काढली, काही महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या. जिमला जातो, पण थरात उभा राहत नाही, खाली दोर धरायला असतो. तो निर्णय त्याने स्वतः घेतला, मी सांगितलं नव्हतं.

तिसरा प्रकार धमनीचा, सगळ्यात विरळा, शंभरात एखादी केस. बहुतेक वेळा मागे सर्व्हायकल रिब किंवा बरगडीची काहीतरी जन्मजात गडबड असते. दाबामुळे धमनी पुढे फुगते, त्या फुगवट्यात बारीक गुठळ्या होतात आणि त्या सुटून बोटांकडे जातात. बोटं गार, पांढरी, दुखरी, नखांजवळ काळसर ठिपके, खेळताना हात लगेच थकणं. जे. आर. रिचर्ड हा ह्यूस्टनचा बेसबॉल पिचर, बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपल्या फास्ट बोलरसारखाच समजा, 1980 च्या सीझनमध्ये सांगत होता की माझा हात मेल्यासारखा होतोय. लोक म्हणाले नाटकं करतो, आळशी आहे. 30 जुलै 1980 ला सराव करता करता त्याला स्ट्रोक आला. वय 30. धमनीत झालेली गुठळी मेंदूपर्यंत गेली होती. त्यानंतर तो मोठ्या लीगमध्ये परत कधीच खेळला नाही. बोटं गार आणि पांढरी पडत असतील तर फिजिओकडे येऊच नका, व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा, आणि एकदम अचानक झालं असेल तर कॅज्युअल्टी, तिथे हिशेब तासांचा असतो.

आता परत नर्व्हकडे, कारण माझं काम तिथे आहे. इथे घाई उलट दिशेने होते, लोक 15 दिवसांत बरं करा म्हणतात. मी पहिल्याच दिवशी सांगते, 6 आठवडे ते 3 महिने तरी धरून चला. आधी त्रास देणारी हालचाल बंद किंवा कमी. पोहणाऱ्याला पाण्याबाहेर काढायचं नाही, किकबोर्ड घेऊन पाय मारू दे, पण बोर्ड लांब हात करून पुढे धरायचा नाही, छातीशी धरायचा. मग श्वास. पोट फुगवून श्वास घ्यायला शिकवायला मला कधी कधी दोन आठवडे जातात आणि पोरांना कंटाळा येतो, पण तेच सगळ्यात कामाचं, कारण त्याशिवाय मानेचे स्नायू ढिले पडतच नाहीत. मग छातीच्या पुढच्या स्नायूचं हलकं स्ट्रेचिंग, मग पाठीवरचा फरा म्हणजे शोल्डर ब्लेड जागेवर धरणाऱ्या स्नायूंची ताकद, मग नर्व्ह आपल्या वाटेतून सरकत राहावी म्हणून हाताच्या हळू हालचाली, मुंग्या यायच्या आत थांबायच्या. जोरात ताणलं की नर्व्ह चिडते आणि दोन दिवस मागे जातो आपण. मान कडाकड वाजवून घेणं अजिबात नाही.

एक चूक मला कोचनाही सांगावीशी वाटते. खांदे झुकलेत म्हटल्यावर पोरांना शाळेतल्या पीटीसारखं सावधान उभं करतात, छाती पुढे, खांदे मागे आणि खाली. नेमक्या याच पोझिशनमध्ये कॉलरबोन आणि बरगडीतली फट सगळ्यात लहान होते, इतकी की तपासताना आम्ही टेस्ट म्हणून मुद्दाम असंच उभं करतो. खांदा खाली दाबायचा नाही, फरा किंचित वर आणि बाहेर फिरू द्यायचा, मान लांब, बस. झोपताना हात उशीखाली किंवा डोक्यावर नको. आणि किटबॅग चाकांची घ्या, नाहीतर पाठीवर दोन पट्ट्यांची.

एवढं करूनही 3-4 महिन्यांत काहीच फरक नसेल, किंवा हाताचा स्नायू सुकायला लागला असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. काही ठिकाणी आधी स्केलीन स्नायूत बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघतात, तेवढ्या वेळापुरता आराम पडला तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता जास्त धरतात. ऑपरेशनमध्ये पहिली बरगडी आणि स्केलीन स्नायू काढतात, नर्व्हभोवतीचे चिवट पडदे मोकळे करतात, गरज असेल तर छातीचा तो छोटा स्नायू सोडवतात. वाट कॉलरबोनच्या वरून किंवा काखेतून, काखेतली पद्धत अमेरिकेच्या डेव्हिड रूस या सर्जननी 1966 मध्ये मांडली. पहिली बरगडी नसली तरी माणूस सगळं नीट करू शकतो, याची भीती बाळगू नका. भीती बाळगायची ती वेगळ्या गोष्टींची, कारण त्या एवढ्याशा जागेत श्वासाच्या पडद्याला जाणारी नर्व्ह आहे, फऱ्याला जाणारी आहे, शेजारी फुफ्फुसाचं टोक आहे, मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. म्हणून तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत हा प्रश्न सर्जनना सरळ विचारा, चांगला सर्जन रागावत नाही. डोक्यावरून हात फेकणाऱ्या खेळात परतायला साधारण 3 ते 6 महिने, कधी त्याहून जास्त.

आणि निकाल सगळ्यांचे सारखे नसतात हे आधीच माहीत असलेलं बरं. मेरिल केली या पिचरचं ऑपरेशन 2020 मध्ये झालं आणि 2023 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मोठ्या लीगच्या फायनलमध्ये, त्याने मॅच जिंकून दिली. स्टीफन स्ट्रासबर्ग या दुसऱ्या पिचरचं 2021 मध्ये झालं, डिसेंबर 2019 मध्ये 24.5 कोटी डॉलरचा करार झालेला माणूस, पण ऑपरेशननंतर मोठ्या लीगमध्ये तो फक्त एक मॅच खेळू शकला. ऑपरेशन तेच, सर्जन दोघांनाही चांगलेच मिळाले असणार. कोणाची नर्व्ह किती दिवस दबली होती, खांद्यात अजून काय काय बिघडलं होतं, यावर खूप अवलंबून असतं.

त्या मुलीला ऑपरेशन लागलं नाही. पाच महिने लागले. मधे दोनदा त्रास परत उलटला, एकदा कोचनी न विचारता बटरफ्लाय सुरू करून दिलं तेव्हा आणि एकदा परीक्षेत तासन्‌तास वाकून लिहिलं तेव्हा. श्वास दोन्ही बाजूंनी घ्यायला शिकली, आधी फक्त डावीकडेच मान वळवायची. आता 2 किलोमीटर फ्रीस्टाइल होतं, बटरफ्लाय आठवड्यातून एकदाच आणि तेही पायाला फिन्स लावून. गेल्या महिन्यात आई आली होती, स्वतःच्या गुडघ्यासाठी, आणि बसल्या बसल्या मला म्हणाली, एक्सरे बघू का मानेचा? दोघी खूप हसलो.